दुकान नंतर पाहू, आधी दहा गिऱ्हाईकांचं बोला

स्वतःचा छोटा धंदा सुरू करण्याबद्दल या वेळी वाचकांचे जेवढे प्रश्न आले त्यातले अर्धे दुकान, बोर्ड आणि लोन याच्यावरच आहेत, गिऱ्हाईक कुठून येईल हे फार कमी लोकांनी विचारलं. म्हणून चार प्रश्न निवडले, बाकीच्यांनाही यात आपापलं उत्तर भेटेल.

प्रश्न : मी मानेवाड्याला राहतो, आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. कूलर रिपेअरिंग आणि फिटिंगचं स्वतःचं काम सुरू करायचं आहे. मेन रोडवर गाळा भेटून राहिला, भाडं 9,000, डिपॉझिट 50,000, अ‍ॅग्रीमेंट 11 महिन्यांचं. मुद्रा लोन काढून घेऊन टाकू का?

दादा, गाळा आत्ता नका घेऊ. 11 महिन्यांचं भाडं झालं 99,000 आणि नागपुरात कूलरचा खरा सीझन फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत, म्हणजे जेमतेम 4 महिने, बाकीच्या 7 महिन्यांचे 63,000 तुम्ही कशातून भरणार? एका कूलरमागे गवत, पेट्रोल जाऊन हातात 300 उरले असं धरा, तर नुसतं भाडं काढायलाच 330 कूलर करावे लागतात, आणि त्यात घरचा किराणा अजून आलाच नाही. मुद्राच्या शिशू गटात 50,000 पर्यंत लोन भेटते, तारण लागत नाही हे खरं आहे, पण हप्ता ऑगस्टमध्येही येतो आणि ऑगस्टमध्ये कूलर कोणी काढत नाही.

तुमचं काम मुळात लोकांच्या गच्चीवर आणि गॅलरीत आहे, कूलर उचलून दुकानात कोण आणते? मल्टीमीटर, ड्रिल, पान्हे, टेस्ट लॅम्प, दोन-चार पंप आणि गवताचा एक गठ्ठा एवढं गाडीवर मावते, तेवढ्यात सुरू करा. जानेवारीच्या शेवटी स्वतःच्या गल्लीतल्या आणि ओळखीच्या एखाद्या फ्लॅट स्कीममधल्या लोकांना विचारा, पहिले दहा कूलर घ्या आणि पैसे घेऊनच करा, फुकट नाही. गूगलवर दुकान नसतानाही धंद्याचं प्रोफाईल बनते, पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात जाता ते टाकायचं, त्याचे पैसे लागत नाही.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान लेकरं जातात. लोखंडी बॉडी, खाली ओली फरशी, दोन पिनची वायर, पंप कोरडा चालून वाइंडिंग जळालेलं आणि घरात अर्थिंग नावालाच. तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात, नुसतं गवत बदलणाऱ्यात आणि तुमच्यात हाच फरक आहे, तो गिऱ्हाईकाला दिसू द्या. प्रत्येक घरी सॉकेटची अर्थिंग तपासायची, तीन पिन लावून द्यायची, 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्यायला सांगायचं आणि घरातल्या बाईला समोर उभं करून सांगायचं की पाणी भरताना बटन बंद आणि पिन बाहेर. याला दहा मिनिटं जास्त जातात पण जाऊ द्या. ज्या घरी हे केलं त्या घरची माणसं पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक वही ठेवा, कोणाचा कूलर, काय बदललं, कोणत्या तारखेला. पुढच्या फेब्रुवारीत त्याच वहीवरून मेसेज जातील. आणि पावसाळ्यात त्याच घरांमधून पाण्याची मोटर, हिवाळ्यात गीझर, दिवाळीत लायटिंग निघते. दोन सीझन वही भरली की मंग गाळ्याचं बोलू.

प्रश्न : मी प्रताप नगरला राहते, जेवणाचे डबे सुरू करायचे आहेत. जवळच्या होस्टेलच्या मुली म्हणतात एक टाईमचे महिन्याला 1,500 देऊ, 26 दिवस. 20 डबे आहेत. परवडेल का?

ताई, मुलींनी रेट सांगितला पण तुमचा खर्च अजून कोणीच मोजला नाही. 1,500 भागिले 26 म्हणजे डब्यामागे साधारण 58 रुपये. आता आपण धरू की चार पोळ्या, भाजी, वरण, भात याचं सामान 42, गॅस 6, डबा पोचवणं 10, वाया जाणारं आणि फुटकळ 4, झाले 62. म्हणजे प्रत्येक डब्यात 4 रुपये घरातून टाकून राहिल्या तुम्ही, आणि यात तुमची मेहनत शून्य धरली आहे. सकाळचे 4 तास जातात, तासाचे 60 जरी लावले तरी 240, वीस डब्यांवर वाटले तर 12. मंग खरा आकडा 74. आपल्याकडे घरच्या बाईच्या वेळेचे पैसे लावायची सवयच नाही आणि म्हणूनच कितीतरी डबे सहा महिन्यांत बंद पडतात, बाई थकून जाते आणि हातात काही दिसत नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील, म्हणून आठ दिवस रोज तोलून, लिहून पहा. मुली 74 देत नसतील तर तीन पोळ्यांचा डबा काढा किंवा होस्टेलचा सगळा लॉट एकाच फेरीत पोचवा, तिथे बराच पैसा वाचते. चव कमी करू नका. शनिवारी वडाभात किंवा झुणका-भाकर ठेवा, बाहेरगावच्या मुलींना तेच हवं असते. पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या, सुट्टी कळवायची असेल तर आदल्या रात्री 8 च्या आत, नाही तर डबा धरला जाईल, हे पहिल्याच दिवशी लिहून पाठवा. फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन मात्र घरून केलं तरी करावंच लागते, लहान धंद्याला पूर्ण लायसन्स नाही, साधं रजिस्ट्रेशन पुरते.

प्रश्न : उद्यम रजिस्ट्रेशनचे (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) एकानं 3,500 मागितले. बरोबर आहे का? आणि जीएसटी लागेल का? (हुडकेश्वर)

नाही, बिलकुल देऊ नका. उद्यम 2020 पासून आहे आणि फुकट आहे, आधार आणि पॅन लागते, घरबसल्या होते. सरकारी साईटचा पत्ता जीओव्ही डॉट इन नं संपतो तेवढं पाहून घ्या, तशाच दिसणाऱ्या खूप साईट्स पैसे घेतात. सर्व्हिसच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नंबर घ्यावा लागत नाही. शॉप अ‍ॅक्टचं (दुकान-धंद्याच्या नोंदीचा कायदा) म्हणाल तर एक-दोन माणसांच्या कामाला लायसन्स नसते, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, बँकेत करंट अकाउंट उघडताना ती कामात येते. अकाउंट वेगळं काढाच, किराण्याचे आणि धंद्याचे पैसे एकाच क्यूआरवर आले की महिन्याअखेरी काहीच कळत नाही.

प्रश्न : बेसा भागात घर आणि टाकी सफाईचं काम करतो. नातेवाईक आणि मित्रच जास्त बोलावतात आणि "देतो ना बे" म्हणून राहून जाते. मागायला लाज वाटते. काय करू?

लाज वाटते कारण रेट आधी बोललेला नसतो भाऊ. काम झाल्यावर मागितलं की भीक मागितल्यासारखं वाटते, आधी सांगितलं की तोच व्यवहार होतो. फोन आला की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर रेट आणि तारीख टाका आणि खाली लिहा, "सोबत एक पोरगा आहे, त्याला रोजी त्याच दिवशी द्यावी लागते, म्हणून अर्धे आधी पाठवजो." हे खोटं नाही, पोराला खरंच त्याच दिवशी द्या. सख्ख्या मामाला सूट द्यायची तर द्या, पण बिलावर पूर्ण रक्कम लिहून मंग सूट लिहा, म्हणजे त्यांनाही कळते की किती सोडले. जुनी उधारी ज्यांची आहे त्यांना एकदा फोन करा, नाही आली तर सोडून द्या, पण पुढची टाकी ॲडव्हान्स आल्यावरच.