फाइल तुझ्या हातात ठेव

प्रिय बाळ,

परवा खानापूरच्या बाजारात तुझ्या आईनं मला कोथिंबिरीच्या गाड्यापाशी थांबवलं. पर्समधून चार घड्या घातलेला तुझ्या तपासणीचा कागद काढला आणि इकडंतिकडं बघून माझ्या हातात दिला. त्यात '४५, एक्स' एवढ्यावर पेनानं गोल केलेला. म्हणाली, "बाई, शाळेत शिकवता तुम्ही, ह्याचा अर्थ सांगा."

अर्थ मला वाचावा लागला नाही. माझ्या कागदावरही हेच आहे. गावात कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तुझ्या आईला सांगितलं, आज तुला सांगते.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, त्यात बहुतेक बायकांची दोन एक्स. आपल्यासारखींत दुसरं एक्स नसतं किंवा तुटकं असतं. ते नसलं की उरतात ४५, म्हणून कागदावर '४५, एक्स'. ह्याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. हेन्री टर्नर ह्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३८ साली लक्षणं मांडली, गुणसूत्राचं कारण १९५९ साली कळलं. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एक. आता हिशेब कर. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४८ लाखांच्या आसपास होती. निम्म्या बायका धरल्या तरी आपल्यासारख्या साडेनऊशे ते बाराशे भरतील. त्यातल्या कितीजणींना 'अंगात रक्त कमी आहे' म्हणून टॉनिक देऊन घरी पाठवलं असेल, ह्या विचारानं मला अजून झोप लागत नाही.

कारण मलाही तेच सांगितलं होतं. सतरा वर्षांची होते, पाळी आली नव्हती, उंची साडेचार फुटांच्या आत. अण्णा मला बेळगावला एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर कन्नड आणि इंग्रजी बोलणारे, अण्णांना दोन्ही धड येत नव्हतं, म्हणून त्यांचे एक स्नेही सोबत आले होते. डॉक्टर चांगली दहा मिनिटं बोलले. चिठ्ठीच्या पाठीमागं त्यांनी एक चित्र काढलं. मला ते बैलाचं तोंड वाटलं, दोन बाजूंना दोन शिंगं. शिंगांच्या टोकांना त्यांनी फुल्या मारल्या. ते गर्भाशय होतं आणि फुल्या बीजांडकोशांवर होत्या, हे मला फार उशिरा उमगलं. सोबत आलेल्या त्या काकांना अण्णांसमोर ते शब्द उच्चारायची लाज वाटली असणार. बाहेर आल्यावर म्हणाले, "रक्त कमी आहे, टॉनिक दिलंय."

मग आज्जीनं सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचं काढलं. पोरगी देवीची आहे, देवीला सोडा. आई पहिल्यांदा आज्जीसमोर उभी राहिली आणि नाही म्हणाली. मुलींना देवीला सोडायला कर्नाटकात कायद्यानं बंदी आहे, पण आईला कायदा कुठला ठाऊक? मी यल्लम्माचा भंडारा आजही कपाळाला लावते. माझी तक्रार देवीशी कधीच नव्हती. तुझ्या घरी कुणी असा विषय काढला तर तुझी आई एकटी नाही, मी येईन.

तेहतिसाव्या वर्षी शाळेच्या पायरीवरून नुसती घसरले आणि मनगट मोडलं. एक्स-रे बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी कधी गेली?" म्हटलं, आलीच नाही. त्यांनी तपासण्या केल्या आणि मराठीत, सावकाश, सगळं सांगितलं. आपले बीजांडकोश इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीराला लागणारं संप्रेरक पुरेसं बनवत नाहीत, ते बाहेरून घ्यावं लागतं. मी सोळा वर्षं त्याविना काढली, हाडं पोकळ झाली होती.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की गोळ्या सुरू झाल्या की आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. पाळी सुरू झाली, झालं काम, असं कुणी म्हणेल. ऐकू नकोस. त्या हाडांसाठीही आहेत. उंची वाढवणारी इंजेक्शनं असतात, महाग असतात, आणि हाडांची टोकं जुळेपर्यंतच उपयोगी पडतात. तू पंधराची आहेस, तेव्हा हे ह्याच महिन्यात विचार. कागदात वाय ह्या, एरवी पुरुषांत असणाऱ्या, गुणसूत्राचा अंश आहे का, हेही विचार, कारण असेल तर बीजांडकोशात गाठ होण्याचा धोका असतो आणि ते काढायला सांगतात.

सगळ्यात आधी मात्र हृदय. आपल्यातल्या काहींची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते, काहींची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, अरुंद असते किंवा पुढं फुगत जाते. दुखत काहीच नाही, म्हणून एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून गप्प बसायचं नाही. बीपी, थायरॉईड, कान, किडनीची सोनोग्राफी हेही बघून घे.

तुझ्या आईनं रडत दोन गोष्टी विचारल्या. ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं का? नाही. हे पेशी तयार होताना घडतं, आणि तुझ्याकडं राहिलेलं एक्स बहुतेक वेळा आईकडचंच असतं. ते तिला सांग. दुसरं, "म्हणजे ही मुलगी नाही का?" मुलगीच आहेस. शरीराच्या घडणीत फरक खूप प्रकारचे असतात. एखादीचे ४६, एक्सएक्स असूनही गर्भाशय नसतं, एखादी ४६, एक्सवाय असून मुलगी म्हणून वाढते, एखाद्या पुरुषाला ४७, एक्सएक्सवाय असतात. प्रत्येकाचं दुखणं-खुपणं निराळं. सगळ्यांना एकाच शब्दात कोंबून हिणवणाऱ्यांना ह्यातलं काही कळत नसतं.

कागद कुणाला दाखवायचा ते तू ठरव. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरला रौप्य मिळवलेल्या शांती सौंदराजन ह्या धावपटूच्या लिंगचाचणीचा निकाल तिच्या हाती राहिला नाही, वर्तमानपत्रांत गेला, आणि पदकही गेलं. लग्नाची बोलणी झालीच तर होणाऱ्या नवऱ्याला तू स्वतः सांग, मध्यस्थामार्फत नको. बाकी भावकीला काही देणं लागत नाहीस.

मंगळवारी मी सकाळच्या बसनं येते, बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावर भेटू. दवाखान्यात कन्नड मी बोलेन, पण दर वाक्याला थांबून तुला मराठीत सांगेन, आणि तुला पटल्याशिवाय पुढं जाणार नाही. शंभर पानी वही आण. पहिल्या पानावर लिहून ठेव: महाधमनीचं माप किती आलं?

तुझी,
बाई