सहावीतला मुलगा वाचताना अडखळतो, शाळा बदलू का?

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी भागात राहतो. मुलगा मराठी शाळेत सहावीत आहे. ऐकलेलं सगळं लक्षात राहतं, पण वाचायला बसवलं की अडखळतो. कानडीत तर पारच गोंधळतो. घरी मात्र मोटारपंप उघडून बसतो. शाळेतून 'याला वेगळ्या शाळेत घाला' असं सुचवलंय. दीर म्हणतात, बेळगावला इंग्लिश मीडियमला टाका. अशा मुलांची वेगळी शाळा असते का? याचं पुढं काय होणार?

ताई, नमस्कार.

वहीच्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. 'पाऊस'चं 'पासऊ' झालंय, जोडाक्षरं सुटलीत, कानडीतले 'प' आणि 'व' एकमेकांच्या जागी बसलेत (ते दिसतातच इतके सारखे की मोठ्यांचीही फसगत होते). आणि त्याच पानावर खाली डेअरीला घातलेल्या दुधाचा आठवड्याचा हिशेब आहे, लिटर आणि दर धरून, एकही चूक नाही. हा पोरगा ना 'ढ' आहे, ना आळशी. ही अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण, असू शकेल, पण फोटोवरून ते ठरवता येत नाही. चाचणी करून घ्या.

इंग्लिश मीडियमचा विचार तूर्त सोडा. जे घरच्या भाषेत जड जातंय ते परक्या भाषेत आणखी जड जाईल, वर फी आणि रोजचा एसटीचा प्रवास. विशेष शाळा बहुतेक अंध, कर्णबधिर किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी असतात, तिथं याची गरज भागणार नाही. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे मुख्याध्यापकांना भांडून नको, शांतपणे सांगा.

आधी डोळे आणि कान तपासा. मग बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, बालरोग आणि मानसोपचार विभागात चौकशी करा. चाचणी मराठीतून घ्या म्हणून आग्रह धरा, नाहीतर कानडी किंवा इंग्रजी कच्ची असणं हीच अक्षमता ठरायची. निदान झालं तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, कार्डासाठी अर्ज करा. ते कार्ड देशभर चालतं, उद्या कोल्हापूरला शिकायला गेला तरी.

खरा उपयोग पुढं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. तीन भाषांचं ओझं वाहणाऱ्या आपल्या सीमाभागातल्या मुलाला याहून मोठा दिलासा नाही. पण दहावीचा फॉर्म भरताना धावपळ करू नका, आठवीपासूनच मुख्याध्यापकांमार्फत कागद पुढं सरकवा. मात्र सूट मिळाली तरी कानडी बोलायला शिकू द्या. बँकेत, कारखान्यात ती लागणारच.

तोवर खानापूरच्या बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसात जाऊन बीआयईआरटींना भेटा. दिव्यांग मुलांसाठी तालुक्याला नेमलेले हे शिक्षक असतात. वर्गातल्या बाईंना एवढंच सांगा : सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका, उत्तरं तोंडी घ्या. घरी तुम्ही धडा वाचून दाखवा, त्यानं ओळीवर बोट फिरवत ऐकावं.

एवढं करूनही दहावी झेपेना, तर 'एनआयओएस', म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, हा खराखुरा पर्याय आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, मराठी माध्यम आहे, पाच विषय पुरतात, त्यांत एक भाषा असली तरी चालते. विषय एकेक करून पाच वर्षांत सोडवता येतात. पण अभ्यास घरीच करायचा असतो, रोज कुणीतरी शेजारी बसणारं हवं. ते जमणार असेल तरच या वाटेला जा.

पुढचं म्हणाल तर, तो मोटारपंप उघडून बसतो असं तुम्हीच लिहिलंय. आयटीआयला वायरमन, वेल्डर अशा काही ट्रेडना आठवी पास पुरते. इलेक्ट्रिशियनला मात्र दहावीत गणित आणि विज्ञान लागतं, म्हणून मुक्त विद्यालयातही ते दोन विषय सोडू देऊ नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांना आणि मशीन शॉपना हाताचं काम येणारी पोरं कायम हवी असतात.

बिम्सला जाताना त्याच्या जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं घेऊन जा. चाचणीचा अहवाल आला की त्याची प्रत मला पाठवा, शाळेला द्यायचा अर्ज आपण मिळून लिहू.