म्युस्कादे, मस्कट आणि हरणाचा मुष्क

प्रश्न असा आहे : ‘फ्रान्सची मस्कडेट ही पांढरी वाईन मस्कट द्राक्षांचीच ना? म्हणजे गोड असणार. ती कशाबरोबर घ्यावी?’

मस्कट नाही आणि गोडही नाही. उच्चारही मस्कडेट नाही. फ्रेंच माणूस ‘म्युस्कादे’ म्हणतो, शेवटचा ‘ट’ मुका. पुण्या-मुंबईच्या मेन्यूकार्डांवर ‘मस्कडेट (गोड)’ असं छापलेलं दिसलं की माझं डोकं उठतं. ही वाईन लुआर नदी समुद्राला मिळण्याच्या थोडं आधी लागणाऱ्या नांत शहराच्या आसपासची, आणि चक्क कोरडी. तिचं द्राक्ष ‘मलों द बुर्गोञ’, म्हणजे मूळचं बुर्गोञ प्रांतातलं. 1709च्या भयंकर थंडीत नांतकडच्या द्राक्षवेली मेल्या, हा वाण तगला, म्हणून तो तिथे पसरला. मस्कटशी त्याचं काडीचं नातं नाही. नातं आहे ते फक्त नावात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

मस्कट, म्युस्कादे, आणि जायफळाला फ्रेंच लोक म्हणतात ते ‘नुआ म्युस्काद’, या तिन्हींच्या मुळाशी ‘मस्क’ म्हणजे कस्तुरी आहे. सुगंधी द्राक्ष ते मस्कट, सुगंधी फळ ते म्युस्काद. (आपल्याला त्याच फळाला नाव देताना कस्तुरी सुचली नाही, जाई सुचली : जातीफल, जायफळ.) म्युस्कादे वाईनला कस्तुरीचा वास जवळजवळ येतच नाही, तरी नाव चिकटलं.

आता ‘मस्क’ कुठून आला? उशिराच्या लॅटिनमध्ये ‘मुस्कुस’, ग्रीकमध्ये ‘मोस्खोस’, त्याआधी फारसीत ‘मुश्क’. आणि त्यामागे आपला संस्कृत ‘मुष्क’, म्हणजे वृषण! आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो याच अर्थाने येतो. कस्तुरीची पिशवी फक्त नर कस्तुरीमृगाला असते, बेंबी आणि जननेंद्रिय यांच्या मधे, गोल, केसाळ. पाहणाऱ्याला जे वाटलं ते नाव पडलं. त्याच्याही मागे ‘मूष्’ म्हणजे उंदीर. मुष्क म्हणजे ‘छोटा उंदीर’. लॅटिन लोकांना दंडाच्या स्नायूत छोटा उंदीर दिसला, ‘मुस्कुलुस’; त्यावरून इंग्रजी मसल. मराठी माणसाला तिथे बेडकुळी दिसली. पण गणपतीच्या वाहनाचा भाऊबंद पार फ्रान्सच्या बाटलीवर जाऊन बसला, याचा मला विलक्षण आनंद होतो.

दोन व्युत्पत्त्या अजून फिरताहेत, त्या कृपा करून सोडा. पहिली : मस्कट हे ओमानच्या मस्कत शहरावरून आलं. अरबीत शहराच्या नावातला क घशाच्या तळातून निघतो आणि कस्तुरीच्या ‘मिस्क’मधला क साधा. लिहायची अक्षरंही वेगळी. फक्त इंग्रजी स्पेलिंगवर विसंबणाऱ्यालाच हे दोन शब्द सारखे दिसतात. दुसरी : लॅटिन ‘मुस्का’ म्हणजे माशी, गोड द्राक्षांवर माश्या बसतात म्हणून मस्कट. या मताचे लोक प्राचीन रोमन लेखक प्लिनीला साक्षीला बोलावतात. प्लिनीने काही द्राक्षांचं नाव मधमाश्यांवरून पडल्याचं लिहिलंय खरं, पण तो शब्द ‘आपियाना’. त्यात मुस्का औषधालाही नाही. आणि माश्या कुठल्या गोड द्राक्षावर बसत नाहीत?

‘पिशवी म्हणजे वृषण नव्हे, म्हणून मुष्क नको’ असा आक्षेप घेणारे विद्वानही आहेत. त्यांना म्हणावं, नावं शवविच्छेदन करून ठेवली जात नाहीत. माझं तर पुढचं म्हणणं आहे. अमरकोशात या सुगंधाला मृगनाभि, मृगमद आणि कस्तूरी अशी नावं आहेत. मुष्क तिथे नाही. घरच्यांनी सभ्यपणे नाभी म्हटलं, आणि रोखठोक शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला. उलट ‘कस्तूरी’ मला ग्रीक ‘कास्तोर’वरून आलेला वाटतो. कास्तोर म्हणजे बीव्हर, नदीत बांध घालणारा कुरतडा प्राणी. त्याच्याही शेपटीजवळच्या ग्रंथीतून सुगंधी द्रव्य निघतं, आणि त्या ग्रंथींनाही जुने लोक वृषणच समजत! हे साम्य काही कोशकार नोंदवतात, काही झिडकारतात. झिडकारणाऱ्यांनी कस्तूरीची दुसरी पटणारी व्युत्पत्ती द्यावी, मी ऐकायला तयार आहे. तोवर मी म्हणणार की आपण मुष्क दिला आणि कस्तुरी घेतली.

राहता राहिलं जेवण. लेबलवर ‘स्युर ली’ लिहिलेली बाटली घ्या. ‘ली’ म्हणजे यीस्टचा साका. हिवाळाभर वाईन त्याच साक्यावर ठेवतात आणि वरचं निवळ थेट बाटलीत भरतात. त्याने थोडा भरीवपणा येतो, जिभेला किंचित चुरचुरही लागते. नांतकडे ती कालवांबरोबर पितात, कच्च्या, बर्फावर मांडलेल्या. नाहीतर याच वाईनमध्ये उकडलेल्या शिंपल्यांबरोबर, किंवा नदीच्या माशावर ‘बर ब्लां’ घालून, म्हणजे बारीक कांदा व्हिनेगरमध्ये किंवा याच वाईनमध्ये आटवून त्यात लोणी फेटलेला सॉस. वाईन मुळातच आंबट, खारटसर झाक असलेली, त्यामुळे कालवांवर लिंबू पिळू नका. गोड पदार्थांबरोबर ती मुळीच नको. तिथे खरी मस्कट चालेल.