गोळी, काडतूस, पुंगळी

कोल्हापुरातील एका वाचकाने विचारले आहे की ‘गोळी’, ‘काडतूस’ आणि ‘पुंगळी’ ही एकाच वस्तूची तीन नावे आहेत का, आणि पुंगळीवरून बंदूक ओळखतात ती कशी. निमित्त आहे ‘जखमीच्या खांद्यातून काडतूस काढले’ या बातमीतल्या वाक्याचे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाज आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ज्या जिल्ह्याने दिले, तिथे तरी असली वाक्ये खपू नयेत.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी असा सगळा ऐवज. चाप ओढला की गोळी तेवढी जाते आणि पुंगळी मागे उरते. पिस्तूल ती बाजूला फेकते, रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत ती तशीच राहते. खांद्यात शिरते ती गोळी. ‘काडी’ आणि ‘तूस’ जोडून काडतुसाची व्युत्पत्ती सांगणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आला आणि त्याच्या मुळाशी कागद आहे. दारू व गोळी पूर्वी कागदात गुंडाळलेली असे; १८५७ च्या काडतुसांचे टोक दातांनी तोडावे लागे, ते म्हणूनच.

पण खरी गंमत ‘बंदूक’ या शब्दात आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनटचे फळ. त्याच्या आकाराच्या मातीच्या गोळ्या धनुष्याने मारून पाखरे टिपत, त्या गोळीलाही बुंदुकच म्हणू लागले, आणि पुढे गोळीचे नाव हत्याराला चिकटले. अरबीत व्हेनिसला ‘अल-बुंदुकिया’ म्हणतात, म्हणून बंदूक व्हेनिसची, असे काही जाणकार ठासून लिहितात. मात्र इजिप्तचा सुलतान बैबर्स ‘अल-बुंदुकदारी’ म्हणून ओळखला जाई, आणि तो १२७७ मध्ये वारला तेव्हा त्या मुलखात हातात धरायची बंदूक कोणी पाहिलेली नव्हती, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. तुर्कीत ‘टॉप’ म्हणजे चेंडू किंवा गोळा, आणि आपली ‘तोफ’ त्याच शब्दापासून आली. दोन्ही हत्यारे आपल्या गोळीच्या नावाने ओळखली जावीत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

ओळख पटवण्याचे काम मात्र गोळी आणि पुंगळी वेगवेगळ्या रीतीने करतात. रायफलीच्या किंवा पिस्तुलाच्या नळीत आतून मळसूत्री चर पाडलेले असतात. त्यांतून घासत जाताना गोळी गिरक्या घेऊ लागते आणि तिच्या अंगावर ओरखडे उमटतात. चरांची संख्या, रुंदी आणि वळण्याची दिशा यांवरून बंदुकीचा प्रकार कळतो. नेमकी बंदूक कोणती, हे ठरवायला तिच्यातून मुद्दाम झाडलेली दुसरी गोळी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून बारीक रेघा जुळवाव्या लागतात. पुंगळीच्या बुडावर टोचणीचा खळगा आणि मागच्या पोलादी भिंतीचा ठसा राहतो, आणि त्यांचीही तुलना अशीच करतात. छऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असल्याने छऱ्यांवर असे चर उमटत नाहीत. तिथे पुंगळी हाच मोठा आधार, आणि ठासणीच्या बंदुकीला तर पुंगळीच नसते.

‘आवाज ऐकताच तो वाकला आणि गोळी डोक्यावरून गेली’ हे वर्णनही असेच बेफिकीर आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ५० मीटर स्पर्धेतील पॉइंट टू टू रायफलीची गोळी त्याहून किंचित मंद, म्हणजे सुमारे ३३० मीटर वेगाने निघते, त्यामुळे तिथे आवाज क्षणभर आधी पोहोचतो. एके-४७ ची गोळी मात्र ७०० मीटरहून अधिक वेगाने सुटते, त्यामुळे शंभर-दोनशे मीटरवरच्या माणसाला बार ऐकू येतो तेव्हा ती त्याला ओलांडून गेलेली असते.