नळीला हात लागता कामा नये

वाचकांचे प्रश्न : बंदूक, नेमबाजी आणि दुरुस्ती

या वेळी चार पत्रं आली, त्यातली तीन घेतली आहेत. चौथ्यात बंदुकीपेक्षा भाऊबंदकी जास्त होती. त्या गृहस्थांना वकील गाठायला कळवलं आहे.

प्रश्न : मी मूळचा गोव्यातल्या डिचोलीचा, गेली नऊ वर्षं अमेरिकेत फिनिक्सला असतो. इथल्या कायद्यात राहून, लांब पल्ल्याच्या टार्गेट शूटिंगसाठी एआर-१० धर्तीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल एकेक भाग घेऊन जमवतो आहे. काडतूस ६.५ क्रीडमोर, नळी २२ इंची. अंतर ६०० ते १००० यार्ड, बहुतेक वेळ पालथं पडून, बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकणीवर). हँडगार्डपाशी, म्हणजे नळीभोवतीच्या धरायच्या कवचापाशी, गाडी अडली आहे. समोर तीन आहेत : मित्राने देऊ केलेला जुना, चारही बाजूंना दातेरी पट्ट्या असलेला; दुसरा १५ इंची हलका एम-लॉक, ३१० ग्रॅम; आणि तिसरा १५ इंचीच, पण खाली पूर्ण लांबीची आर्का पट्टी असलेला, ५२० ग्रॅम. आई तुमच्या सदराचे फोटो काढून दर महिन्याला पाठवते, म्हणून तुम्हालाच विचारतो.

उत्तर : आईला नमस्कार सांग. फोटो जरा सरळ धरून काढायलाही सांग.

तू वजनं लिहिलीस, लांबी लिहिलीस. पण या तिघांपैकी कुठला नळीला कुठे धरतो, ते लिहिलं नाहीस. माझ्या दृष्टीने सगळं तिथेच आहे.

मी सैन्याच्या दुरुस्ती दलात, ईएमईत आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो. तेव्हा आमच्याकडे इशापूरची ७.६२ एसएलआर होती. एका जवानाची रायफल माझ्या टेबलावर तीनदा आली, तक्रार एकच : ‘झिरो टिकत नाही’, म्हणजे साइट नेमाला जुळवून दिली तरी गोळी पुन्हा दुसरीकडे. साइट बघितली, गॅस बघितला, नळी आतून आरशासारखी. शेवटी त्याच्याबरोबर रेंजवर जाऊन शेजारी पालथा पडलो. वाळूच्या पोत्यावर टेकवून पाच गोळ्या मारल्या, त्या तळहाताएवढ्या जागेत. मग दंडात पट्टा आवळून पाच मारल्या. गट तेवढाच घट्ट, पण सगळाच्या सगळा खाली डावीकडे सरकलेला. एसएलआरच्या पट्ट्याची पुढची कडी नळीवरच असते. पोरगा ताकदीचा होता, पट्टा आवळला की नळीच ओढत होता. रायफलीत काही दोष नव्हता. मी मात्र तीन वेळा ती खोलून उगाच पुसून दिली होती.

तुझ्या अंतरावर हा ओढा फार महाग पडतो. एक मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० यार्डांवर इंचाहून किंचित जास्त, तेच १००० यार्डांवर साडेदहा इंच होतं. बायपॉडवर थोडा जास्त रेललास, की जवळ कागदावर दिसणारसुद्धा नाही अशी चूक तिकडे पाटी सोडून जाते.

म्हणून पहिली अट फ्री-फ्लोट. हँडगार्ड फक्त मागे, नळीच्या नटापाशी बसला पाहिजे. तिथून पुढे टोकापर्यंत नळी मोकळी. मित्राचा जुना हँडगार्ड उघडून बघ. तो दोन फाकांचा असेल, एक फाक मागे रिंगमध्ये आणि पुढे नळीवरच्या टोपीत अडकणारी, तर तो प्रेमाने परत कर. अखंड असेल तरी माझं मत त्याच्या विरुद्धच आहे. त्या दातेरी पट्टीचं माप १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने पक्कं केलं आणि तिने पुष्कळ वर्षं नोकरी बजावली. पण पालथं पडून डावा हात खाली घेणाऱ्याला ती खोबऱ्याच्या किसणीसारखी लागते, आणि चारांपैकी तीन बाजूंचं वजन तू फुकट वाहतोस.

एम-लॉक २०१४ मध्ये मॅगपुलने आणलं. गुळगुळीत नळकांडं, त्यात लांबट खाचा, हवी तिथेच पट्टी लावायची. त्याआधी दोन वर्षं कीमॉड ही तशीच दुसरी पद्धत आली होती. पुढे अमेरिकी नौदलाच्या क्रेन इथल्या केंद्राने दोन्हींची तुलना केली. जोडलेली वस्तू काढून पुन्हा लावली तर ती किती अचूक जागेवर येते, यात एम-लॉक सरस ठरलं. कोणी कीमॉड स्वस्तात देत असेल तर देऊ दे, तू घेऊ नकोस.

आर्का पट्टी मूळची बंदूकवाल्यांची नव्हेच, कॅमेऱ्याच्या तिवईची. स्वित्झर्लंडच्या कॅमेरेवाल्यांकडून नेमबाजांनी ती उचलली. फायदा असा की बायपॉड पुढे-मागे सरकवून हवा तिथे आवळता येतो, आणि तीच रायफल तिवईवरही बसते. पण सगळ्यांची मापं एकसारखी नसतात. खटक्याने आवळणारा क्लॅम्प एका पट्टीवर घट्ट बसतो आणि दुसरीवर डुगडुगतो. स्क्रूने आवळणारा घे, म्हणजे कटकट नाही.

आता वजन. तुझी रायफल दुर्बीण-बायपॉडसकट सहा किलोच्या आसपास जाईल. त्यात २१० ग्रॅम म्हणजे दोन सोलकढीचे पेले. पालथं पडून मारणाऱ्याला पुढचं वजन जड होत नाही, उलट बार उडाल्यावर तोंड कमी उसळतं आणि आपली गोळी कुठे लागली ते आपल्याच दुर्बिणीतून दिसतं. शिवाय खाली जाड पट्टी असली की नळकांडं वाकत नाही. मी आर्कावाला घेईन. उभं राहून मारायचं असतं, किंवा रायफल खांद्यावर टाकून डोंगर चढायचा असता, तर ३१० ग्रॅमवाल्याला खाली वीतभर आर्का तुकडा लावला असता.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघ. धाकट्या एआर-१५ ला लष्करी माप आहे, एआर-१० ला तसं काही नाही. डीपीएमएस कंपनीच्या धर्तीचं एक, आर्मालाइट कंपनीच्या धर्तीचं दुसरं. नळीच्या नटाचे आटेही वेगळे. डीपीएमएसमध्ये परत ‘हाय’ आणि ‘लो’ अशा दोन उंच्या. चुकीची जोडी लागली की रिसीव्हरची (नळी जिथे बसते त्या मधल्या धडाची) वरची पट्टी आणि हँडगार्डची वरची पट्टी यांच्यात पायरी पडते. आणि पायरी नसली तरी दुर्बिणीचा माउंट त्या सांध्यावर कधीही टाकू नकोस, एक पाय इकडे, एक पाय तिकडे असा. दोन्ही पाय रिसीव्हरवरच.

दुसरं, गॅस ब्लॉक, म्हणजे नळीतला गॅस घेऊन यंत्रणा चालवणारा नळीवरचा ठोकळा. तुझ्या १५ इंची हँडगार्डखाली तो झाकला जाणार. तो कमी-जास्त करता येणारा असेल तर त्याच्या स्क्रूपर्यंत पाना पोचायला भोक किंवा खाच आहे का, ते दुकानातच बघ. घरी आल्यावर ‘आता हँडगार्ड काढू आणि फिरवू’ म्हणशील, तर दर वेळी मागचा जोड सैल करावा लागेल. त्या एका जोडावर तर सगळा डोलारा उभा आहे! तो जोड जितका लांब पकडणारा, आणि हँडगार्ड गोल फिरू न देणारा, तितका चांगला. भोकं किती, रंग कुठला, यापेक्षा या जोडाचा फोटो मागव.

बसवून झाल्यावर, रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघून, ती बायपॉडवर ठेव, मागून छातीने नेहमीसारखा जोर दे, आणि दुसऱ्या कोणाला नळी आणि हँडगार्डच्या मधून कागदाची पट्टी पुढून मागे सरकवायला सांग. विशेषतः गॅस ब्लॉकपाशी. कागद अडला तर हँडगार्ड कितीही महागडा असो, तो परत जाईल.

फिनिक्सच्या उन्हात आणखी एक त्रास होईल. दहा-बारा गोळ्यांनंतर नळीवरून उठणारी गरम हवा दुर्बिणीत थरथरताना दिसते आणि टार्गेट पाण्यात ठेवल्यासारखं हलतं. वरून रुंद कापडी पट्टी लावतात, ती घे. किंवा थांब, पाणी पी.

आणि चवथीला येशील तेव्हा नको असलेला हँडगार्ड ‘काकांना दाखवायला’ म्हणून बॅगेत टाकू नकोस. नुसतं अॅल्युमिनियमचं नळकांडं आहे हे तू मोपा विमानतळावर कितीही सांगितलंस तरी आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. मला फोटो पुरे.

प्रश्न : वडिलांच्या परवान्यावरची .३१५ रायफल आता माझ्या नावावर आहे, लाकडी दस्त्याची. उन्हाळ्यात नेम बरोबर असतो, पावसाळ्यात उजवीकडे जातो. दुर्बीण नाही. काय बिघडलं असेल? (सत्तरी तालुक्यातून एक बागायतदार)

उत्तर : भाऊ, रायफल बिघडलेली नाही, लाकूड फुगलं आहे. वरच्या पत्रातलाच आजार, फक्त तुमच्याकडे तो जूनमध्ये येतो आणि दिवाळीनंतर जातो.

माझ्या वडिलांचीही .३१५ होती. आषाढात मी तिच्या नळीखालून दहाची नोट सरकवून पाहिली. वीतभर गेली आणि डाव्या बाजूला अडकली. तिथे लाकूड नळीला टेकून तिला उजवीकडे ढकलत होतं. दस्ता उतरवला, नळीला खालून पेन्सिलीची पूड चोळली, पुन्हा बसवून काढला. जिथे टेकत होतं तिथे काळा डाग, बोटाच्या पेराएवढा. बॉलपेनला पॉलिशपेपर गुंडाळून तेवढंच घासलं. चार वेळा बसवलं, चार वेळा काढलं. नोट सरळ जायला लागली, मग थांबलो. उघडं पडलेलं लाकूड तसंच ठेवू नका, त्याला अळशीच्या तेलाचे पातळ तीन हात द्या, प्रत्येक हात वाळवून. वरून सगळे चमकवतात आणि आतली खोबण कोरडी ठेवतात. पाणी तिथूनच पितं ते.

हे सगळं आताच, पावसात करा. मार्चमध्ये केलंत तर डाग सापडणारच नाही. स्वतः करायचं नसेल तर परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच द्या, गावातल्या सुताराकडे नको, तो कितीही कसबी असला तरी.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. रायफलीच्या पुढच्या भागाखाली उंची वाढवणारा ठोकळा लावावा का? स्वप्नील कुसाळेंच्या पदकानंतर तिने मनावर घेतलं आहे. (फोंडा)

उत्तर : लावावा, पण तिच्या हाताच्या मापाने. तिला उभं करा, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायला सांगा, मूठ वर. त्या मुठीपासून डोळ्याच्या रेषेपर्यंत जे अंतर उरतं ते भरून काढायला तो ठोकळा असतो. मान वाकवून डोळा साइटला नेत असेल तर ठोकळा कमी पडतोय, कोपर हाडावरून सुटत असेल तर जास्त झालाय. एकूण वजन साडेपाच किलोच्या आत राहील एवढं बघा, नियम आहे. आणि ती अजून वाढत्या वयाची आहे, तेव्हा महागडा ठोकळा आत्ता घेऊ नका. मापाचा लाकडी करून वर्षभर वापरा.