होडीवरच्या अक्षराचा फॉन्ट होतो का?

प्रश्न: आमच्या हर्णै बंदरात होड्यांवर नावं रंगवणारे एक पेंटरकाका आहेत, काय अक्षर आहे त्यांचं! भाचा म्हणतो, फोटो काढून फॉन्ट करूया. होईल का? आणि हे नवीन फॉन्टवाले आयडिया कुठून काढतात हो?
– एक वाचक, हर्णै

उत्तर: आयडिया कुठूनही मिळते. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’ फॉन्ट बघा, अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते. त्यांचाच ‘जैनी’ कल्पसूत्राच्या जुन्या जैन हस्तलिखितांच्या वळणावर बेतलाय. आणि रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं म्हणाल तर डिझायनर हनीफ कुरेशींनी तेच काम केलं, फॉन्टला नावसुद्धा त्या त्या पेंटरचंच दिलं.

तर होईल, पण नुसत्या फोटोंवर नाही भागणार. ‘एकविरा माऊली’, ‘दर्यासागर’, ‘जय मल्हार’ सगळं मिळून अक्षरं किती भरतील? होडीवर ढ कधी बघितलाय? ङ तर सोडाच. देवनागरी फॉन्टला जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून कित्येक शे आकार लागतात, म्हणून काकांना रीतसर पैसे देऊन बसवा आणि न रंगवलेली अक्षरं त्याच चपट्या ब्रशनं कागदावर काढून घ्या. इंग्रजीची तेवढी काळजी नको, रजिस्ट्रेशन नंबर रंगवून काही अक्षरं आणि आकडे त्यांच्या हातात बसलेले असणारच.

खरी गोची शिरोरेघेची. होडीवर ती फळीच्या कडेनं नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, वर चढत जाते आणि सगळी ऐट तिच्यातच असते, पण फॉन्टमध्ये कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी बसायला हवं, त्यामुळे रेघ सगळीकडे एकाच उंचीवर सरळ ठेवावी लागते. ती ऐट जाणार म्हणजे जाणारच. मग राहतं काय, तर ब्रश उचलताना सुटलेलं टोक, व-ब च्या पोटाचा फुगवटा, ळ ची गाठ. भाच्याला म्हणावं ते पकड, कॉम्प्युटरवर गुळगुळीत करत बसू नको (नवशिके हमखास हेच करतात).

आणि नाव काकांचं द्या, त्यांना विचारून.

प्रश्न: मालवणात आमची खानावळ आहे. मेनूकार्डला मोदक फॉन्ट फुकट चालेल का? आणि ‘किनाऱ्यावर’ लिहायला गेलं की ‘किनार्यावर’ होतं, काय करू?
– एक खानावळवाली ताई

उत्तर: चालेल की ताई, तो ओपन फॉन्ट लायसन्सवर आहे, धंद्यासाठीही पैसे पडत नाहीत, फक्त फॉन्टच सुटा विकायचा नाही. पण मोठ्या मथळ्यापुरताच वापरा, सुरमई थाळीचे दर त्यात बारीक छापलेत तर गिऱ्हाईक चष्मा शोधत बसेल, दरांसाठी ‘मुक्ता’ फॉन्ट घ्या. ‘ऱ्या’ साठी साधा र नको, कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ असतो, तो दाबा, मग हलंत (पाय मोडायचं चिन्ह), मग य आणि काना.