छोट्या क्रिप्टो प्रोजेक्टची ओळख वाढवायला बॅनर जाहिरातींवर दीड लाख घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोकन (स्वतःचं क्रिप्टो नाणं) काढून चार महिने झाले, ते घेतलेले होल्डर दोनशेच्या आत, दीड लाख बाजूला काढलेत आणि एक एजन्सी तेवढ्यात दहा लाख इम्प्रेशनची (बॅनर एकदा दाखवला की एक इम्प्रेशन) हमी देतेय. शिवाय डिझायनर जीआयएफ बॅनरच्या सेटचे आठ हजार मागतोय. एजन्सीला माझ्या मते देऊ नका. बॅनरला सरसकट नाही म्हणत नाही, पण आधी हिशोब बघा.

दीड लाखात दहा लाख, म्हणजे हजार इम्प्रेशनला दीडशे रुपये. हजारात एकाने क्लिक केलं तरी बरं चाललंय म्हणायचं. तसं धरलं तर एक क्लिक दीडशेला पडला, आणि क्लिक करणारा अजून टोकन घेणारा झालेला नाही. १९९४ साली हॉटवायर्ड या वेबसाइटवर एटी अँड टीचा तो प्रसिद्ध पहिला बॅनर लागला तेव्हा ४४ टक्के लोकांनी क्लिक केलं होतं म्हणे. आता डोळा त्या चौकटीला आपोआप वळसा घालतो. त्यात तुमचा ग्राहक म्हणजे जाहिराती अडवणारा ब्रेव्ह ब्राउझर नाहीतर अ‍ॅडब्लॉकर लावून बसलेली मंडळी! एजन्सीला एक गोष्ट लेखी विचारा: इम्प्रेशन कशाला धरता? पानाच्या तळाशी बॅनर लोड झाला आणि तिथवर कुणी गेलंच नाही, तरी तो मोजणारे आहेत. जाहिरातधंद्यात रूढ निकष असा आहे की बॅनरचा किमान अर्धा भाग सलग एक सेकंद स्क्रीनवर असला तरच तो ‘दिसला’. हे विचारल्यावर दहा लाखांचे किती उरतात ते बघा.

मी पुण्यात मीडिया बाइंग, म्हणजे जाहिरातींच्या जागा विकत घ्यायचं काम करतो, आणि या प्रकारात माझे हात पोळलेत म्हणून एवढं सांगतोय. २०२१च्या दिवाळीत टी-२० विश्वचषक चालू होता. ओव्हर संपली की क्रिप्टो एक्सचेंजची जाहिरात. स्वतःचं टोकन काढलेले दोन इंजिनिअर मित्र आले, म्हणाले, आपणही दिसलो पाहिजे. गूगल आणि फेसबुकने २०१८ सालीच क्रिप्टो जाहिरातींवर बंदी घातली होती. पुढे परवानाधारक एक्सचेंज आणि वॉलेटवाल्यांसाठी (वॉलेट म्हणजे टोकन ठेवायचं डिजिटल पाकीट) दार किलकिलं झालं, नव्या टोकनच्या विक्रीसाठी गूगलवर नाहीच. मग फक्त क्रिप्टो साइटवर बॅनर लावणाऱ्या एका नेटवर्कला आम्ही चाळीस हजार दिले. पहिल्याच रात्री सहाशेच्या वर क्लिक! ग्रुपवर पार्टीची भाषा सुरू झाली. सकाळी चहा घेता घेता मी सर्व्हरचा लॉग उघडला. बहुतेक क्लिक रात्री दोन ते चारच्या दरम्यान, सगळ्यांचा ब्राउझर एकाच जुन्या आवृत्तीचा, स्क्रीनचा आकार तोच, आणि पानावर दोन सेकंदही कुणी थांबलेलं नाही. आमचा कोड ठेवलेल्या गिटहबची लिंक नऊ जणांनी उघडली होती. त्यातले दोघे आम्हीच. नेटवर्कचं म्हणणं, ट्रॅफिक व्हॅलिड आहे. पैसे गेले ते गेलेच.

उरलेल्या पैशांतून, खरं तर नाइलाजाने, आम्ही एका छोट्या साइटशी थेट बोललो. एकट्या माणसाची साइट, क्रिप्टोच्या नफ्यावर कर किती बसेल ते काढून देणारी. महिन्याला बारा हजार, एकच जागा, उत्तराच्या आकड्याच्या बरोबर खाली. १ फेब्रुवारी २०२२च्या अर्थसंकल्पात ३० टक्के कर जाहीर झाला आणि लोक त्या साइटवर तुटून पडले. हे आमचं डोकं नव्हतं, नशीब होतं. क्लिक आले दोनशेच्या आसपास, पण माणसांचे. तीन-चार मिनिटं थांबून वाचत होते, आणि काही जण टेलिग्रामवर येऊन टोकन नेमकं कशासाठी आहे असं खडसावून विचारत होते. म्हणून म्हणतो, पन्नास साइटवर पाट्या टाकण्यापेक्षा जिथे माणूस काहीतरी काम घेऊन आलाय अशा एक-दोन जागा मालकाशी बोलून महिन्याने घ्या. प्रत्येक जागेला वेगळी यूटीएम लिंक (माणूस कुठून आला ते सांगणारी) लावा, आणि मोजायचं ते क्लिक नाही, तुमच्या साइटला वॉलेट किती जोडली गेली ते.

भारतातल्या लोकांना दाखवणार असाल तर जाहिरातधंद्याच्या स्वनियमन संस्थेचे, म्हणजे अ‍ॅस्कीचे नियम वाचाच. १ एप्रिल २०२२पासून लागू आहेत. क्रिप्टो अनियंत्रित आणि अतिशय जोखमीचं आहे, नुकसान झालं तर नियामकाकडे दाद मिळेलच असं नाही, या अर्थाचा ठरलेला इशारा स्थिर जाहिरातीत खालच्या बाजूला, किमान एक पंचमांश जागेत द्यावा लागतो. आता पट्टी घेऊन बसा. ३००×२५० पिक्सेलच्या बॅनरमध्ये इशाऱ्याला ५० पिक्सेल उंची मिळते, जमतं. ७२८×९० मध्ये १८. मोबाइलच्या ३२०×५० मध्ये दहा, म्हणजे तिथे मुंगीच्या अक्षरात लिहावं लागेल. मी तो आकार सोडूनच देतो. ‘करन्सी’ हा शब्दही जाहिरातीत चालत नाही, आणि बारा महिन्यांपेक्षा कमी काळाचा परतावा दाखवता येत नाही. तुमचं टोकन चार महिन्यांचं, म्हणजे ‘इतक्या पट’ वगैरे विषयच संपला. बरंच झालं.

पैसे टाकण्याआधी आपलं पान एकदा अनोळखी माणसाच्या नजरेने उघडा. काँट्रॅक्टचा (टोकन चालवणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या कोडचा) पत्ता आहे का? टीमची खरी नावं? संस्थापकांकडे किती टोकन आहेत आणि ते किती काळ लॉक आहेत? हे नसेल तर बॅनरवरून आलेला माणूस ‘रग पुल (पैसे गोळा करून पळून जायचा प्रकार) दिसतोय’ म्हणत परत जाणार, आणि त्याचेही दीडशे तुम्हीच भरणार. माझं ऐकाल तर पहिले दोन महिने पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जाऊ नका. बाकीचे कोडच्या सुरक्षा तपासणीसाठी, म्हणजे ऑडिटसाठी ठेवा.

डिझायनरला आठ हजार द्या, पण फिरणारी सोन्याची नाणी आणि आकाशात जाणारं रॉकेट नको म्हणून सांगा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर टोकन काय करतं ते एका ओळीत, खाली तुमचं नाव आणि ईमेल. आमच्या पाच बॅनर डिझाइनपैकी चाललं ते असलंच एक होतं, आणि ते त्या दोन इंजिनिअर मित्रांपैकी एकाने घाईघाईत पेंटमध्ये केलं होतं.